हद्दीबाहेरचा रंग

इचलकरंजीत बाळगोंडा मगदूम यांना नावानं हाक मारणारं घराबाहेर कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेचे नव्हे, रंगाईचे. सूत आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते डाइंग मास्तर होते आणि आपल्या डोळ्यांवर त्यांचा भारी जीव होता.

व्यापारी परगावाहून चिंधी पाठवायचा आणि म्हणायचा, अगदी असाच रंग हवा. मास्तर ती चिंधी खिडकीपाशी न्यायचे, उजेडात उलटसुलट करायचे आणि कुठला रंग किती घालायचा ते सांगून मोकळे व्हायचे. लॅबमध्ये रंग मोजणारं मशीन आलं, तरी कारखान्याचे सेठ आधी मास्तरांना विचारायचे आणि मग मशीनला. दोघांचं जमलं नाही तर मशीनची दुरुस्ती व्हायची. रंगाची शेड थोडी जरी हलली तरी मास्तर अख्खा लॉट नापास करायचे, मग तो सेठच्या मेव्हण्याचा का असेना. त्यामुळे त्यांना मान होता आणि मित्र कमी होते.

मग काचबिंदू आला. हा आजार चोरपावलांनी येतो. कडेकडेनं अंधार सरकत येतो, आणि माणसाला वाटतं की खोलीतच उजेड कमी आहे. मास्तरांना कळलं तोवर डोळ्यांमागची नस वाळून गेली होती. कारखान्यानं शाल-नारळ देऊन निरोप दिला. त्यानंतर मास्तर गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. जेवण समोर आलं की जेवायचे, कुणी काही विचारलं तर हूं म्हणायचे. बायको पद्मा त्यांच्याशी दिवसभर बोलत राहायची, नाहीतर त्या घरात आवाज असा उरलाच नसता.

मुलगी अक्षता बंगळूरला नोकरीला होती. तिनं कुठून कुठून माहिती काढली आणि पुण्यात एका कंपनीच्या नव्या दृष्टी-यंत्राच्या चाचणीत वडिलांचं नाव घातलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. वाटणारच.

त्या यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. चष्म्याच्या दांडीवर दोन बारीक कॅमेरे होते. डोळ्याची नस मेलेली, म्हणून तो रस्ता सोडून डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूत जिथं दृष्टी उमटते तिथं, एक लहानशी पट्टी बसवली होती. पण कॅमेऱ्याला दिसतं ते सगळं त्या पट्टीतून मेंदूत ओतता येत नाही. तेवढी तिची ताकद नाही. म्हणून मधे एक प्रोग्रॅम बसवलेला. तो कॅमेऱ्यातलं चित्र पाहायचा, ही भिंत, हा माणूस, हा पेला असं ओळखायचा आणि सगळं सोप्या रेषांत, स्वच्छ रंगांत नव्यानं काढून मेंदूला द्यायचा. एका सेकंदात कितीतरी वेळा. म्हणजे मास्तरांना जग दिसत नव्हतं, जगाचं चित्र दिसत होतं. फरक बारीक आहे, आणि चित्र इतकं झकास होतं की तो फरक कुणी मनावर घेतला नाही.

चष्मा सुरू झाला त्या दिवशी तंत्रज्ञानं पद्माला समोर बसवलं आणि मास्तरांना तिच्याकडे नीट पाहायला सांगितलं, म्हणजे यंत्राला घरच्या माणसाची ओळख होईल. मास्तर पाहत राहिले.

"म्हातारी झालीस की तू," ते म्हणाले.

"तुम्ही काय तरणे ऱ्हायलासा व्हय?" पद्मा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

घरी आल्यावर मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेले. सेठनं चहा पाजला, चष्मा हातात घेऊन पाहिला आणि गोड आवाजात सांगितलं की मास्तर, आता विश्रांती घ्या. मशीनच्याच डोळ्यानं बघायचं तर लॅबमधलं मशीन होतंच. सेठ तसं बोलले नाहीत, पण मास्तरांना ते ऐकू आलं. ते पायीच परत आले.

त्यानंतर पद्मानंच त्यांना कामाला लावलं. ब्लाउजचं कापड साडीशी जातंय का बघा. हा टोमॅटो आज चिरू की उद्या. ही तूरडाळ जुनी वाटते का. मास्तर प्रत्येक वस्तू खिडकीपाशी नेत आणि निकाल देत. ब्लाउजचं कापड त्यांनी दुकानदाराला परत करायला लावलं. शेजारचे चौगुले हसायचे, म्हणायचे, वहिनी, घरातच लॅब काढलीत. पद्मा म्हणायची, मग काय, फुकटचा मास्तर मिळालाय.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी पद्मा आरशासमोर वेणी घालत होती. ती मधेच थांबली आणि मास्तरांपाशी आली.

"अहो, जरा बघा. डोळं पिवळं दिसतात का माझं?"

मास्तरांनी तिला हनुवटीला धरून खिडकीपाशी नेलं. डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. घाई केली नाही. उजेड उत्तरेचा होता, रंग बघायला सगळ्यात चांगला.

"पांढरं हाय," ते म्हणाले. "जरा निळसर पांढरं. तरण्या पोरीचं असतं तसं."

पद्मानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "मग बरं," असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

पुढं तिला खाज सुटू लागली. रात्रंदिवस हातपाय खाजवायची. मास्तर म्हणाले, हवा बदलतीय, खोबरेल लाव. पर्युषण पर्वाचे उपवास केल्यावर ती उतरली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मास्तर म्हणाले, उपवास जरा बेतानं करावेत. चौगुल्यांनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, वहिनींची तब्येत बरी आहे ना, चेहरा वेगळाच वाटतो. मास्तरांना राग आला. ते म्हणाले, "मला डोळे हायत, चौगुले."

पद्मानं आणखी एकदा विचारलं. हात पुढं केला आणि म्हणाली, तळवा पिवळा वाटतो का. मास्तरांनी पुन्हा खिडकी गाठली आणि पुन्हा तोच निकाल दिला. त्यांच्या नजरेला जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. या सगळ्या प्रकरणात खोटं असं कुणीच बोललं नाही, हीच तर पंचाईत आहे.

अक्षता रोज व्हिडिओ कॉल करायची, पण फोनसुद्धा हल्ली माणसाचा चेहरा उजळून दाखवतात. दिवाळीला ती घरी आली आणि दारातच उभी राहिली. हातातली बॅग तिनं खाली ठेवली नाही, ती सुटली.

"आई, हे काय झालंय तुला? केवढी पिवळी पडलीस तू."

"कोण पिवळी?" मास्तर आतून म्हणाले.

"अण्णा, आई. हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसतेय. तुम्ही रोज बघताय ना तिच्याकडे?"

मास्तरांना हे झोंबलं. सारी हयात लोकांनी त्यांच्या शब्दावर लाखोंचा माल रंगवला, आणि कालची पोर येऊन त्यांना रंग शिकवत होती. कपाटातून त्यांनी जुनं शेडकार्ड काढलं. रंगीत चिंध्या चिकटवलेलं ते कार्ड उघडून त्यांनी पद्माच्या गालाशी धरलं आणि गव्हाळ रंगाच्या चिंधीवर बोट ठेवलं.

"ही बघ. ही तुझ्या आईची शेड. पहिल्यापासनं हीच हाय."

अक्षतानं कार्डाचं पान उलटलं, आंब्याच्या रसासारख्या पिवळ्या चिंधीवर बोट ठेवलं आणि ती चिंधी आईच्या गालाला लावली.

"अण्णा, आता काय दिसतंय?"

"चिंधी पिवळी. गाल गव्हाळ. आंधळ्यालाही दिसंल."

"मला दोन्ही सारखंच दिसतंय," अक्षता म्हणाली. "चिंधी कुठं संपते आणि आई कुठं सुरू होते, ते कळत नाही."

मास्तरांनी कार्ड मिटलं. ते पद्माकडे पाहत होते आणि ती जमिनीकडे. त्यांना भीती वाटली. डोळे गेले तेव्हासुद्धा ते एवढे घाबरले नव्हते.

मिरजेच्या एका इस्पितळात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ होती. तिनं पित्ताची वाट दाबून धरली होती, म्हणून पित्त रक्तात चढून सगळं अंग पिवळं झालेलं. गाठ आता यकृतात पसरली होती. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा.

"हा आजार एरवी गुपचूप वाढतो," तो म्हणाला. "गाठ जर अशा जागी असली तर कावीळ होते आणि तो लवकर पकडता येतो. तेवढीच एक संधी असते. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हाच आला असता, तर…" बोलता बोलता त्याची नजर मास्तरांच्या चष्म्याकडे गेली.

नळी घालून पित्त काढायचा प्रयत्न झाला, तोही नीट साधला नाही. पद्माला घरी आणलं.

अक्षतानं पुण्याच्या कंपनीला काय आणि कसं लिहिलं कोण जाणे, पण चार दिवसांत तिथली एक इंजिनिअर गाडी करून आली. ऋजुता आठल्ये तिचं नाव. पस्तिशीची असेल. तिनं चष्मा लॅपटॉपला जोडला, पुष्कळ वेळ काहीबाही पाहिलं आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. पलंगावर पद्मा डोळे मिटून पडली होती.

"काका, तुमच्या कारखान्यात रंग बिघडला तर कामगार काय करायचा?" तिनं विचारलं.

"बोंब मारायचा. काम थांबवून मला बोलवायचा."

"आमच्या प्रोग्रॅममध्येही तसंच असतं. चित्र काढताना एखादी गोष्ट जमली नाही, की तो तुकडा काम थांबवतो आणि बोंब मारतो. त्याला आम्ही एक्सेप्शन म्हणतो, अपवाद. ती बोंब वर जाते, आणि वर कुणीतरी ती झेलून काय करायचं ते ठरवतं. कुणीच झेलली नाही, तर ते चित्र तिथंच बंद पडतं."

"बरोबर हाय."

"या अपवादांची कुळं असतात. एक मूळ पुरुष, त्याच्या पोटी उजेडाच्या चुका, आकाराच्या चुका, मेमरीच्या चुका. त्यांच्या पोटी आणखी. बापाला झेलणारा बसवला, की त्याची सगळी पोरं आपोआप त्याच्याच हातात येतात. प्रत्येकासाठी वेगळा माणूस बसवावा लागत नाही, म्हणून आम्हाला ते सोयीचं वाटतं. ट्यूबलाइटखाली माणसं हिरवी दिसतात अशी पेशंटची तक्रार होती. म्हणून उजेडाच्या चुकांना एक झेलणारा बसवला. त्याचं काम एवढंच, की माणसाच्या कातडीचा किंवा डोळ्यांचा रंग विचित्र वाटला, तर त्या माणसाचा मागचा चांगला रंग आठवणीतून काढायचा, तो लावायचा आणि गप्प बसायचं. नोंदसुद्धा करायची नाही, कारण अशा चुका दर सेकंदाला होतात."

"आणि पद्मा?"

"कातडीचा किंवा डोळ्यांचा रंग माणसाच्या रंगाच्या हद्दीबाहेर गेला, ही चूक पुढं कुणीतरी नव्यानं लिहिली. ती खरं म्हणजे वेगळीच गोष्ट होती. पण नवं कूळ काढायचं म्हणजे नवा झेलणारा लिहा, नव्या चाचण्या करा. म्हणून ती उजेडाच्या पोटी घातली. काम भागलं. कुठं काही बंद पडलं नाही, तेव्हा आम्हाला वाटलं की सगळं ठीक आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं मूठ झाकायलाच यंत्र बसवलं होतं.

मास्तरांना सगळं समजलं. कारखान्यात असा एक मुकादम होता. बिघडलेल्या लॉटवर वरून रंगाचा एक हात मारून तो पास करायचा. पहिल्या धुण्यात रंग उतरला आणि मास्तरांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं होतं.

"त्या झेलणाऱ्याला काढून टाका," ते म्हणाले.

"काढता येईल. पण काका, तो खरा रंग या प्रोग्रॅमला काढताच येत नाही. हद्दी बदलायच्या, पुन्हा तपासायच्या, परवानगी घ्यायची, यात सहा-आठ महिने जातील." तिनं पलंगाकडे पाहिलं नाही. "नुसतं काढलं तर तेवढा भाग कोरा राहील. काकूंच्या जागी तुम्हाला काळं दिसेल."

"ऱ्हाऊ द्या हो आहे तसं," पद्मा पलंगावरून म्हणाली. सगळ्यांना वाटलं होतं की ती झोपलीय. "एका माणसाला तरी मी बरी दिसतीय. कशाला घालवतासा ते?"

खरं तर तिचं ऐकायला हवं होतं. पण खोटी शेड पास करणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. आपण फसलो यापेक्षा, अजूनही फसतोय हे त्यांना सहन होईना. त्यांनी मानेनं खूण केली. ऋजुतानं अक्षताच्या फोनवर त्या झेलणाऱ्याचं एक बटण बसवून दिलं, चालू आणि बंद. जाताना ती पद्माच्या पाया पडली आणि निघून गेली.

संध्याकाळच्या आधी मास्तरांनी बटण बंद करायला लावलं.

पलंगावर साडी होती. मोरपंखी, बारीक काठाची. ती उशीला टेकून बसली होती, आत कुणी नव्हतं. बांगड्या हवेत अधांतरी होत्या आणि मधूनच किणकिणत होत्या. वर, जिथं चेहरा असायला हवा, तिथं काळा खड्डा होता आणि त्याभोवती पांढरे केस. त्या खड्ड्यातून पद्माचा आवाज आला, "कशी दिसतीय?"

मास्तरांनी चष्मा काढला. हातानं चाचपडत ते पलंगाच्या कडेला बसले आणि तिचा हात शोधून काढला. हात गरम होता, हाडं बोटांना लागत होती. अक्षता पाणी आणायला म्हणून आत गेली आणि आतच थांबली.

"पद्मा, तू मला इचारलंस," मास्तर म्हणाले. "खिडकीपाशी धरून बघितलं मी, आणि पांढरं सांगितलं. माझ्या जिभेनं मारलं तुला."

"उगा काय तरी बोलू नगा. मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"घरात आरसा हाय की. अंघोळीला बसलं की सगळं अंग दिसायचं. लघवी चहासारखी व्हायची. माझ्या मावशीला असंच झालं होतं, मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग मला कशाला इचारलंस?"

पद्माला धाप लागत होती.

"कारखान्यातनं परत आलासा, त्या दिवशी तुमचं तोंड बघितलं मी. तवापासनं एकेक इचारायला लागले. टमाटं काय, ब्लाउज काय, मला काय कळत न्हवतं? पण तुम्ही खिडकीपाशी न्यायचा, बघायचा. घरात माणूस असल्यागत वाटायचं. डोळ्याचं बी तसंच इचारलं. म्हटलं, तुम्ही म्हणशीला पिवळं हाय, चल डॉक्टरकडं. तुमच्याच नजरंनं सापडलं असं झालं असतं."

"आणि मी पांढरं म्हणालो."

"तुम्ही पांढरं म्हणालासा. मग मी उठून दवाखान्यात गेले असते, तर तुमची नजर खोटी पडली असती. परत त्या खुर्चीत जाऊन बसला असतासा. म्हटलं, थोडं थांबू. आणखी एकदा दाखवू, तवा दिसंल. तळवा दाखवला, तवा बी दिसलं न्हाई." होती तेवढ्या ताकदीनं तिनं त्यांची बोटं दाबली. "मग उशीर झाला."

मास्तर रडले. आवाज करून रडले, आणि अक्षता आतून धावत आली.

थोड्या वेळानं पद्मा म्हणाली, "आता माझं एक ऐका. चष्मा घाला, आणि पोरीला सांगा, होतं तसं करून दे. मला काळं बघत बसू नगा."

खोटी शेड पास करायची नाही, हा नेम मास्तरांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो तिच्या सांगण्यावरून. बटण चालू झालं. मोरपंखी साडीत पद्मा परत आली. गव्हाळ, तजेलदार, पुण्यात पहिल्या दिवशी दिसली होती तशी. मास्तर तिच्याकडे पाहून हसले, कारण ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

ती आणखी थोडे दिवस होती. मास्तर सारखे तिच्या उशाशी बसून असत, नजर तिच्यावरून काढत नसत. एका दुपारी ते असेच तिच्याकडे पाहत बसले होते, तिच्या गालावर छान रंग होता. अक्षता औषध घेऊन आली, आईपाशी वाकली आणि मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, आई गेली. बराच वेळ झाला असेल."